नऊ बोटं वाकडी भिंत

खर्डी, ८ सप्टेंबर २०२५

श्री. कमळाकर यांस,
राघो गवंडी याचा रामराम.

‘मित्रा’ असं लिहायला घेतलं होतं, पण हात आवरला. तू एक शब्द न बोलता निघून गेलास, तेव्हा सध्या श्रीच बरा.

फोनच केला असता. पण तुझा फोन तू स्वतःच्या हातानं संग्रहालयाच्या भिंतीत चिणलास, आणि वरून प्लॅस्टर माझ्याकडून मारून घेतलंस. वायर मागून काढलीस म्हणून तो अजून जिता आहे. काल मी रिंग दिली तर माझ्यासमोरची भिंतच वाजायला लागली. हौसा बोलली, “बघा बघा, काय म्हणते ती.” बायको माझी, पण बाजू कायम तुझी घेते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर बाईंनी दोनदा विचारलं, नक्की पत्रच ना काका?

आता मुद्द्याचं बोलतो. असं मी केलं तरी काय?

तुझ्या बापाची भातगिरण पंधरा वर्षं बंद पडलेली. तू मुंबईतली चित्रं, परदेशातली प्रदर्शनं सगळं आवरून आलास आणि बोललास, राघो, इथं संग्रहालय करायचं. मी विचारलं, आत ठेवणार काय? तू बोललास, आत काय ठेवायचं नाय, हे घरच चित्र आहे, लोकांनी चित्राच्या आत चालायचं. मला ओ की ठो कळलं नाय. मग तू वही घेऊन खर्डीपासून तानशापर्यंत पाड्यापाड्यानं हिंडलास, माणसांना पडलेली स्वप्नं विचारत. आणि एकेकाच्या स्वप्नाची एकेक खोली. हिरी आजीच्या स्वप्नात म्हैस जिना चढून आभाळाकडे जाते, म्हणून मी कुठंच न जाणारा जिना बांधला आणि वर सिमेंटची म्हैस बसवली. कोंडूच्या स्वप्नात भात आढ्यातून खाली उगवतं, म्हणून आढ्याला लोंब्या उलट्या लावल्या. नम्रताला स्वप्न पडतं की मुंबईला गेलेलं तानशाचं पाणी परत आलं, म्हणून भिंतभर चाळीस नळ बसवले. पाणी एकालाच, आणि ते कुठल्या नळाला ते रोज बदलायचं. पुढचं दार तर कोंबड्यांच्या खुराड्याएवढं! आमदार आला तरी रांगत आत येणार. मी कधी ‘का रे’ म्हटलं काय?

पण भिंत ती भिंत. म्हैस ही शोभा झाली, भिंत ही गवंड्याची सही असते. दारातून आत आल्याबरोबर समोर दिसणारी तीच नेमकी तुला मागे कललेली पाहिजे. नऊ बोटं! तू उभा राहून बांधून घेतलीस आणि मी दातओठ खात बांधली. मग तू बहिणीकडं, सरूताईच्या नातवाच्या बारशाला मुरबाडला गेलास, आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी ती पाडली आणि सरळ बांधली. मजूर नाय, कोण नाय, एकट्यानं. ओळंबा सोडला तर दोरी आणि वीट यांच्यामधून कागद जाणार नाय, अशी. तुझ्यासाठीच केलं ना ते? लोक तुला हसले असते.

तू आलास, बघितलंस, खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीच नायस. आल्या पावली परत मुरबाडला. गणपतीत तुझी जागा रिकामी होती. आरतीला तुझ्याइतकं बेसूर ओरडणारं दुसरं कोण नाय आपल्याकडं.

चुकलो असं मी म्हणत नाय. एवढं वाचून कळलं तर दोन ओळी टाक.

राघो गवंडी


२० सप्टेंबर

कमळाकर,

उत्तर नाय. बरं.

पण सरूताईचा हौसाला फोन आला होता. बोलली, दादा तुमचं पत्र घेऊन परसात जातो, पेरूखाली बसतो आणि एकटाच हसतो. अरे, हसायला काय होतं त्यात? रागानं लिहिलेलं पत्र होतं ते! परत एकदा नीट वाच.

इकडची खबर. परवा हिरी आजी काठी टेकत गिरणीवर आली. बोलली, “माजी खोली दाव.” मी बोललो, आजी, कमळाकरचा कायदा आहे, सगळं पुरं होईस्तोवर कोणाला दाखवायचं नाय. तर म्हातारी कडाडली, “त्यो येईस्तोवर मी काय अमरपट्टा घेऊन आलंय काय रं? सपान माजं आणि कुलूप तुमचं?” मी दार उघडलं. नव्वदीला टेकलेली बाई, पण खुराड्याच्या दारातून पोरीसारखी सरकली आत.

जिना बघितला, मान वर करून म्हैस बघितली, आणि डोळ्यांवर हात धरला. मला वाटलं, रडते की काय. तर बोलली, “ही नाय माजी.” मी बोललो, का गो आजी? “माजी हसते सपनात. हिचं थोबाड बघ, सासरी आल्यासारखी बसलीय.”

मग काय, शिडी लावली, माल कालवला आणि थापीनं म्हशीच्या ओठांचे कोपरे वर ओढले. तुला विचारलं नाय हे खरं. पण हे मी माझ्या मनानं केलं नाय, स्वप्नाच्या मालकिणीनं केलं. म्हैस आता अशी हसते की तिच्याकडं बघून हौसा हसून हसून दोनदा खाली बसली. आजी तर पदरात तोंड घालून हसली, दात नसलेलं सगळं तोंड उघडं टाकून. कमळाकर, माझ्या हातची घरं शंभर तरी असतील. बघून असं हसलेलं मी कोणाला बघितलं नव्हतं. लय बरं वाटलं रे.

जाताना ती माझ्या सरळ भिंतीसमोर थांबली. “ही कोणाची?” बोलली. मी बोललो, कोणाची नाय, नुसती भिंत. तर बोलली, “नुसती भिंत माज्या घरी पण हाय.” आणि गेली. तिचं ते बोलणं अजून कानातून जात नाय.

तुला एक सांगायचं होतं. तू बारशाला निघालास त्या दिवशी मी आसनगावला गेलो होतो, स्टेशनसमोरच्या हॉटेलात आपली गवंडी मंडळी बसलेली, आणि तिथं… जाऊ दे. ते एवढं काय महत्त्वाचं नाय.

भिंत परत वाकडी करून ठेवतो. तुझ्यासाठी नाय, आजीसाठी. चढून जाऊ नको.

राघो


२७ सप्टेंबर

कमळू,

हरामखोरा, आधी सांगता येत नव्हतं?

भिंत पाडली. आता परत बांधायची तर कल किती, कुठून, हे बघायला तुझा प्लॅन काढला. आमी गवंडी प्लॅन कधी नीट बघतो? तू तोंडानं सांगायचास आणि मी बांधायचो. दोन वर्षांत तो कागद मी एकदाही उलटा करून बघितला नव्हता. चार दिवसांमागं केला.

मागं पेन्सिलीनं मी आहे. काम संपल्यावर संध्याकाळी मी कशाला तरी टेकून, एक पाय पुढं टाकून, आपणच केलेलं काम बघत उभा राहतो ना, तसा. टक्कल जरा जास्तच काढलंयस. खाली लिहिलंयस: ‘कल राघोच्या पाठीचा घ्यायचा. नऊ बोटं.’ आणि त्याच्या खाली: ‘सगळ्यांना स्वप्नाची खोली. राघो म्हणतो त्याला स्वप्न पडत नाय. त्याला टेकायला जागा.’

हौसानं वाचून दाखवलं, कारण माझ्या चष्म्यावर काहीतरी आलं होतं. मग तिनं पण पदर डोळ्याला लावला.

म्हणजे ती भिंत माझी होती. माझी भिंत मीच पाडली. यापेक्षा मोठा गाढव तालुक्यात सापडणार नाय.

आता बांधायला घेतली तर वेगळंच झेंगट. हात वाकडं बांधत नायत रे! चाळीस वर्षं सरळ चाललेत, ते ऐकेनात. पहिल्या दिवशी पाच थर मागे घेत घेत बांधले, बाजूला होऊन बघतो तर सरळ. दुसऱ्या दिवशी दोरीच तिरपी बांधली. तरी थापी आपली आपण वीट ठोकून पुढं आणते. तिसऱ्या दिवशी हौसाला समोर बसवलं, सरळ झाली की ओरड म्हटलं. सकाळभर ओरडून तिचा घसा बसला. बोलली, “लोकांना नाचता येईना की अंगण वाकडं. तुमचं उलटंच. अंगण वाकडं मिळेना म्हणून तुमचा नाच बंद!”

तीन वेळा पाडली. विटा पण कंटाळल्या. हसतोस ना पेरूखाली बसून? हस. पण येऊन बघितलंस तर जास्त हसशील.

राघो


३ ऑक्टोबर

कमळ्या,

झाली! झाली रे भिंत!

कशी झाली ते ऐक. परवा खंडेनवमी. आमच्या घरची रीत तुला माहीत आहे, नवमीला हत्यारं धुऊन पाटावर बसतात ती दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावरच उठतात. थापी, ओळंबा, गुण्या, दोरी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. त्यांची दोन दिवस सुट्टी आणि माझीही. कोणी हात लावायचा नाय. माझ्या बापानं एकदा नवमीला चुकून थापी उचलली तर आजानं दिवसभर जेवायला दिलं नव्हतं.

मी आपला ओसरीवर बसून त्या पाटाकडं बघतोय. आणि एकदम डोक्यात आलं, की हत्यारांना हात लावायचा नाय, भिंतीला लावू नको असं कोण बोललं?

हौसाला हाक मारली. “चल गो, चिखल तुडव.” ती बोलली, सणाच्या दिवशी डोकं फिरलं काय? पण आली. शेजारची पूजा आली, कोंडू आला. माती, तूस, शेण, पायानं तुडवून गारा केला. सिमेंट नाय, थापी नाय, दोरी नाय. नुसते हात. पूर्वी बायका कणगी लिंपायच्या तसा गारा हातानं थापायचा, वीट अंदाजानं ठेवायची, मागून दगडांची ठासणी, की पुढं. आणि ओळंबा पाटावर फुलं घालून बसलेला, त्याला काय कळणार!

पहिला थर झाला की मी उलटा फिरून पाठ लावायचो. बरोबर लागली की पुढचा थर. कोंडू बोलला, “राघोभाऊ, तुमी भिंत बांधताय का शर्ट शिवताय?” सगळे एवढे हसले की पूजाच्या हातची वीट गाऱ्यात पडली. नवमीला कमरेपर्यंत, दसऱ्याला दुपारी माथा. हौसानं वरून हात फिरवला. तिच्या बोटांच्या रेघा उमटल्यात, त्या मी तशाच ठेवल्यात. तू आलास की पुसायच्या का ते सांग.

संध्याकाळी सोनं वाटलं, हत्यारं उठवली आणि पहिलं काम काय केलं असेल? ओळंबा घेऊन धावत गेलो आणि पायथ्याला टेकेल असा समोरून सोडला. वर माथ्यापाशी बोटं मोजली. नऊ! हौसाला मोजायला लावली. तिची बोटं बारीक, तिची साडेदहा भरली. पण माझी नऊ!

मग टेकलो. एक पाय पुढं टाकून. कमळ्या, चाळीस वर्षांत मी एकाही भिंतीला अशी पाठ लावली नव्हती. दुसऱ्याच्या भिंतीला गवंड्यानं टेकायचं नसतं, डाग पडतो. डोळे कधी मिटले कळलं नाय. हौसानं हलवलं तेव्हा दिवे लागले होते.

स्वप्न पडलं का ते विचारू नको. सांगणार नाय.

राघो


१८ ऑक्टोबर

कमळ्या,

हे आमंत्रण समज. त्रिपुरी पौर्णिमेला, बुधवारी ५ नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता संग्रहालय उघडायचं ठरलंय. कोणी ठरवलं? हिरी आजीनं. सरपंचांना पण तिनंच सांगितलं. आधी भाऊबीज कर, सरूताईला ओवाळू दे, मग ये.

चावी माझ्याकडं आहे. तू आला नायस तर मी कुलूप उघडणार नाय, गाव उभं राहिलं तरी. हे मी सरपंचांसमोर बोललोय. आता माझी लाज तुझ्या हातात.

एसटी सरळगावावरून येते, तिथं उतरून बसू नको. गावाच्या ‘सरळ’ नावाला भुलायचं वय नाय आपलं.

राघो


६ नोव्हेंबर

कमळ्या,

तू पुढं ओसरीवर बसलायस, हौसाच्या हातची भाकर खातोयस, आणि मी इथं मागच्या पडवीत पत्र लिहितोय. हौसा विचारते, हे काय नवीन? पण जे लिहितोय ते तोंडानं बोलायला मला जमणार नाय. लिहायची सवय तूच लावलीस.

आधी कालचं लिहितो, कारण ते लिहायला मजा येते. दहा वाजले, साडेदहा वाजले, माणसं जमलेली, मी चावी मुठीत धरून दारासमोर उभा. सरपंच बोलले, राघोभाऊ, बस झालं आता, उघडा. मी बोललो, नाय. अकरा वाजले. आजी खाटेवर बसून मलाच शिव्या देतेय. आणि मग कोंडूच्या रिक्षातून तू उतरलास. तीच पिशवी. माझ्याकडं बघितलं नायस, नुसता हात पुढं केलास. मी चावी दिली. तू रांगत आत गेलास, तुझ्या मागं मी.

तू सरळ भिंतीपाशी गेलास, वळलास आणि टेकलास. डोळे मिटून. बाहेर शंभर माणसं खोळंबलेली आणि हा बाबा टेकलाय! मग पाठ घासून बघितलीस आणि बोललास, “जरा खरखरीत आहे रे.” मी बोललो, “पाठ खाजवायला बरी.” आणि मग आपण दोघं जे हसत सुटलो ते ऐकून सरपंच हार गळ्यात घेऊनच खुराड्यातून आत आले, काय झालं बघायला. हाराचा निम्मा भाग दारातच राहिला.

पुढचं तर तू बघितलंसच. नम्रताच्या खोलीत माणसं एकेक नळ फिरवत होती, कोरडा, कोरडा, कोरडा, आणि नेमका आमदारांच्या माणसानं फिरवलेल्याला पाणी आलं, ते पण फवाऱ्यानं. नम्रता नाचायची बाकी राहिली होती. आजीनं जिन्याखाली उभं राहून म्हशीला लग्नातली गाणी म्हटली. आणि मधेच कोणीतरी तुझा नंबर लावला आणि भिंत वाजायला लागली, तेव्हा बायका किंचाळून बाहेर पळाल्या आणि परत आत आल्या. असा दिवस मी जन्मात बघितला नाय.

आता जे लिहायचं ते.

भिंत मी तुझ्यासाठी सरळ केली नव्हती. पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं. तू बारशाला निघालास त्याच दिवशी मी आसनगावला हॉटेलात गेलो होतो. तिथं एकानं मोबाइलवर कुणा मजुरानं काढलेला आपल्या कललेल्या भिंतीचा फोटो सगळ्यांना दाखवला आणि बोलला, “राघोशेठ, ही तुमची? हात थरथरायला लागले काय?” सगळे हसले. आणि मी बोललो, “मी काय करू, येड्याच्या नादी लागलोय. तो येडा सांगतो तसं बांधतो.” परत सगळे हसले. मी पण हसलो. तुझ्या नावावर, सगळ्यांच्या बरोबर.

घरी आलो, झोप लागली नाय. तुझी नाय, माझी लाज वाटत होती. माझं नाव जाईल म्हणून भिंत पाडली मी. आपल्या साठ वर्षांच्या दोस्तीपेक्षा ओळंबा मोठा केला.

तुला हे कोणी सांगितलं नसेल. न सांगता पण चाललं असतं, काल सगळं गोड झालंय. पण त्या भिंतीला टेकलो की हे टोचतं. तिथं मला नीट टेकायचंय.

वाचून झालं की मोठ्यानं काय बोलू नको. हौसाला यातलं माहीत नाय.

तुझा राघो


(याच कागदाच्या मागं, कमळाकरच्या अक्षरात)

राघो,

त्या दिवशी आसनगावला मी त्याच हॉटेलात होतो. पाठीमागच्या बाकावर, वडा खात. शहापूरहून मुरबाडच्या एसटीला टाइम होता म्हणून बसलो होतो. सगळं ऐकलं.

तरी आठ दिवसांनी परत आलो. म्हटलं, चारचौघांत माणूस बोलून जातो. पण आलो तर भिंत सरळ. तेव्हा वाटलं, हा ते मनापासून बोलला. म्हणून गेलो. भिंतीवर मी काय रागावणार? भिंती काय, उद्या परत बांधता येतात.

तुझं प्रत्येक पत्र मी आधी शेवटाकडून वाचायचो, आसनगावचं लिहिलंयस का ते बघायला. दुसऱ्या पत्रात लिहायला आलास आणि पळालास. पाच पत्रं झाली. लिहीना झालास. मग माझाच दम संपला आणि आलो.

येडा तर मी आहेच. साऱ्या जगानं म्हटलं तरी चालतं, तू म्हटलंस ते लागलं होतं. आता नाय लागत.

वहिनींनी या कागदाचं विचारलं तर सांगतो, की तू माझ्याकडं चित्र शिकायचं म्हणून अर्ज केलायस.

भात पिकून उभं आहे तुझं, मगाशी बघितलं. उद्या कापणीला येतो. माझी ओळ सरळ येणार नाय, आधीच सांगून ठेवतो.

कमळू